मनाच्या जखमेचा पंचनामा कोण करणार?

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत रेल्वे स्थानकाजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. आरोपी जागेवरच सापडला आणि लगोलग एक शब्द गावभर झाला : मनोरुग्ण. पोलिसांनी तो उच्चारला, पुढे मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत उच्चारला. संविधानावर हात टाकणारा आजारी, आणि त्याचा निषेध करायला रस्त्यावर उतरलेले मात्र दंगलखोर! दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि पोलीस भीमनगर, प्रियदर्शनीनगरात घुसले. त्या कोम्बिंग ऑपरेशनमध्ये बायाबापड्यांनाही सोडले नाही. वडार समाजातला, वकिलीचे शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना १५ डिसेंबरला गेला. अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू, असे शवविच्छेदनाने सांगितले. दुसऱ्याच दिवशी आमचे ज्येष्ठ नेते विजय वाकोडे हृदयविकाराने गेले. पोलिसांवर गुन्हा दाखल करा, हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडून ४ जुलै २०२५ रोजी वदवून घ्यावे लागले. सरकार त्याविरुद्ध दिल्लीला धावले, आणि ३० जुलैला सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला.

हा सगळा तपशील चळवळीच्या वाचकांना पाठ आहे. तरी तो पुन्हा मांडला, कारण यातल्या शरीरावरच्या जखमा कुठे ना कुठे कागदावर आल्या. डॉक्टरांनी मोजल्या, वकिलांनी वाचून दाखवल्या. परंतु रात्री दारावर थाप पडली की आजही जिचे हातपाय गार पडतात त्या माऊलीचा पंचनामा कोणी केला? खाकी कपडा दिसला की जे लेकरू आईच्या पदराआड शिरते, ज्या तरुणाला जामीन मिळाला पण झोप मिळाली नाही, त्यांची नोंद कोणत्या रजिस्टरात आहे? मारहाणीची भरपाई मागायची तर वैद्यकीय प्रमाणपत्र लागते. भीतीचे प्रमाणपत्र मागायला आपल्याकडून कोणी जातच नाही.

का जात नाही? याचे एक कारण तो शब्दच आहे. ‘मनोरुग्ण’ हा शब्द व्यवस्थेने ढालीसारखा वापरला, म्हणून आपल्याला त्याची चीड आली, आणि ते योग्यच झाले. कायदा असा : कृत्य करताना आपण काय करतो आहोत, ते चूक किंवा बेकायदा आहे, हे मनोविकृतीमुळे कळण्याची क्षमताच नव्हती, असे असेल तरच भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ चे संरक्षण मिळते. ते सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीची, आणि निर्णय न्यायालयाचा. कुणाला दहा वर्षांपासून गोळ्या चालू आहेत एवढ्याने ते सिद्ध होत नाही. मात्र त्या चिडीपायी आपण मनाच्या आजारालाच खोटा मानायला लागलो, तर नुकसान आपलेच आहे. त्यांनी शब्द ढाल म्हणून वापरला. म्हणून आपल्या वस्तीतल्या खऱ्या दुखण्यालाही आपण ढोंग म्हणायचे काय?

दुसरे कारण आपल्या घरातले आहे. आपण पँथरचे वारस. वाघाला कसले औषध? कार्यकर्ता रडत नाही, भीमसैनिक खचत नाही, असे आपण इतक्या वेळा भाषणातून सांगितले की खचलेला कार्यकर्ता मग दारूच्या गुत्त्यावर जाऊन रडतो. १९२६ साली राजरत्न गेला तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी दत्तोबा पवारांना पत्र लिहून आपले पुत्रशोकाचे दुःख मोकळे केले होते. बाबासाहेबांना जे लाजिरवाणे वाटले नाही ते आपल्याला का वाटावे?

विहारात या, ध्यान करा, मन शांत होईल, असे सांगणारे उपासकही आहेत. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. परंतु तथागत स्वतः आजारी पडले तेव्हा जीवक वैद्याकडून औषध घेत असत, हे विनयपिटकात नोंदलेले आहे. आजारी भिक्खूला त्यांनी स्वतः आंघोळ घातली. ‘ध्यान कर, बरा होशील’ एवढे सांगून ते पुढे निघून गेले नाहीत. विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरालाही अर्जात मानसिक आजाराची माहिती विचारतात, याचा अर्थ ध्यान ही उपचाराची बदली नव्हे हे त्यांनाही ठाऊक आहे. आणि बाहेरवसा झाला म्हणून भगताकडे, दर्ग्यात, बाबाकडे नेणारे आपल्यात अजून आहेत. बावीस प्रतिज्ञा भिंतीवर आणि लिंबू उंबऱ्यावर! यावर अधिक लिहायला नको.

ही दुखणी एका डिसेंबरची नाहीत. जुलै १९७८ मध्ये विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. ज्यांनी लहानपणी आपले घर जळताना पाहिले ते आज साठीला आले आहेत. नामांतराचा इतिहास ते तासन्‌तास सांगतील, पण त्या रात्री आपण कुठे लपलो होतो हे विचारा, बोलणे थांबते. ती न बोललेली रात्र घरात राहतेच. बापाच्या रागात राहते, आईच्या धास्तीत राहते, आणि पोराच्या वाट्याला येते.

मानसोपचार म्हणजे या न बोललेल्या रात्रीला सुरक्षित जागा देणे. त्यात जादू नाही. आठवड्याला एकदा, पाऊण तास-तासभर, ठरलेल्या माणसापुढे बसून बोलायचे. घटना डोक्यात पुन्हा पुन्हा का घडते, छाती का धडधडते, हे तो समजावून देतो. टाळलेल्या गोष्टीकडे, टाळलेल्या रस्त्याकडे हळूहळू परत जायला शिकवतो. काहींना सोबत गोळ्या लागतात, काहींना नाही. काही महिने लागतात. पोलिसांवरचा खटला याने निकाली निघत नाही, आणि ज्याला वाटते की बरे झाले की माणूस खटला सोडून देईल, त्याने आमच्याकडे यावे. नीट झोपलेला साक्षीदार उलटतपासणीत अधिक टिकतो, हे कोणताही वकील सांगेल.

आता खरा प्रश्न, जायचे कोणाकडे? ‘काउन्सेलर’ अशी पाटी कोणीही लावतो. मनोविकारतज्ज्ञ हा एम.बी.बी.एस. नंतर त्या विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो, गोळ्या तो लिहून देऊ शकतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाही, बोलण्यातून उपचार करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. आपण दुचाकी घेतानाही कागद पाहतो.

परंतु पदवी ही पहिली पायरी. तुमच्या तोंडून जात हा शब्द निघाल्यावर समोरच्याचा चेहरा कसा होतो, ही खरी परीक्षा. पोलिसांनी जातीवरून शिव्या दिल्या असे सांगितल्यावर जो म्हणतो, ‘ते सोडा, तुमच्या विचारांत बदल करा’, तो तुमचा उपचार करणार नाही. अपमान ही तुमच्या डोक्यातली कल्पना नव्हे, घडलेली गोष्ट आहे. तिला घडलेली गोष्ट मानणारा माणूस हवा. मुंबईच्या आयआयटीत विद्यार्थ्यांच्या समुपदेशन केंद्राच्या प्रमुखपदावरील व्यक्तीविरुद्ध आरक्षणविरोधी भूमिकेची तक्रार विद्यार्थ्यांनी केली होती. आरक्षणातून आलेल्या पोराने मग त्या दारात पाऊल तरी कसे टाकावे? २०१६ मध्ये रोहित वेमुला, २०१९ मध्ये डॉ. पायल तडवी, २०२३ मध्ये दर्शन सोळंकी. प्रत्येक वेळी संस्था म्हणाल्या, आमच्याकडे मदतीची सोय होती. सोय कोणासाठी होती?

याचा अर्थ बौद्धाने फक्त बौद्ध डॉक्टरकडेच जावे असा नाही. आपल्यातलाही एखादा साहेब झालेला डॉक्टर वस्तीतल्या बाईला तुच्छतेने बोलतो, आणि परजातीतला एखादा तासभर मान न उचलता ऐकतो. पहिल्या भेटीत सरळ विचारा : जातीच्या अत्याचारातून आलेल्या माणसांबरोबर आपण काम केले आहे काय? माझे बोलणे कोणाला सांगाल? किती भेटी, किती फी? उत्तर टाळले तर उठा. बाईला बाईसमोर बोलायचे असेल तर तसे मागा. आपल्या परभणीच्या बोलीत बोलता आले पाहिजे. दुःखाचे पुस्तकी मराठीत भाषांतर करत बसायचे तर अर्धे दुःख वाटेतच सांडते. तीन-चार भेटींत मोकळे वाटेना तर दुसरा शोधा, यात बेइमानी नाही. आपण वकील बदलतोच की! फक्त गोळ्या मध्येच स्वतःहून बंद करू नका.

पैशाचे काय, असे विचारले जाईल. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ चे कलम १८ प्रत्येकाला ही सेवा मिळवण्याचा हक्क देते, जातीवरून भेदभाव न होता देते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला, त्याच्याजवळ कार्ड असो वा नसो, सरकारी ठिकाणी मोफत देते. कलम ३ सांगते की कोणाची राजकीय, सामाजिक स्थिती पाहून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही. कलम २३ गोपनीयता देते. ‘डॉक्टरकडे गेलो तर विरुद्ध बाजूचा वकील कोर्टात वेडा ठरवील’ ही भीती आम्ही वारंवार ऐकतो. साक्ष अधिनियमाच्या कलम १२४ नुसार प्रश्न समजून उत्तर देता येत असेल तर मनाचा आजार असलेला माणूसही सक्षम साक्षीदार आहे. उलट, मारहाणीनंतर लगेच सुरू झालेल्या उपचाराचे कागद हा नुकसानीचा पुरावा ठरू शकतो. ते जपून ठेवा.

१४४१६ हा टेली-मानसचा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येते. जीव नकोसा झाला असेल तर सकाळची वाट पाहू नका, घरातल्या कोणाला तरी उठवा आणि तो लावा. शेतकरी आत्महत्यांमुळे मराठवाड्यात २०१५ साली ‘प्रेरणा’ प्रकल्प आणला गेला, आशाताईंना घरोघरी पाठवून खचलेल्या शेतकऱ्यांना शोधायचे ठरले. भूमिहीनाच्या, मजुराच्या दारात ती प्रश्नावली किती वेळा पोचली, हेही विचारायला हवे. ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी ही राज्याची जुनी चार मनोरुग्णालये. त्यातले एकही मराठवाड्याच्या वाट्याला आले नाही. शिक्षणसंस्थांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्याचे आणि वंचित समूहांतल्या विद्यार्थ्यांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना देण्याचे निर्देश दिले आहेत.

तेव्हा आमच्या वकील मित्रांना आणि वस्तीतल्या मंडळांना विनंती, माहितीच्या अधिकाराचे दोन अर्ज टाका. एक जिल्हा शल्यचिकित्सकांकडे : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात मनोविकारतज्ज्ञ, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर यांची किती पदे मंजूर, किती भरलेली, जिंतूर, गंगाखेड, पाथरी, पूर्णा येथे महिन्यातून कोणत्या दिवशी कोण बसते, डिसेंबर २०२४ नंतर भीमनगर, प्रियदर्शनीनगरात एकदा तरी पथक पाठवले काय. दुसरा समाजकल्याण कार्यालयाकडे : आपल्या मुलामुलींच्या वसतिगृहांत समुपदेशक नेमला काय, त्याची पात्रता काय, नियुक्तीचे पत्र कोणत्या तारखेचे. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर पहिले अपील करा. अर्जाची पोच सांभाळून ठेवा.