अंगठा, सही आणि ‘मान्य आहे’

— एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

आमच्या घरातली कागदपत्रे वाचण्याचे काम माझ्याकडे आहे. विजेचे बिल आले, रेशनचा फॉर्म आला, बँकेचे पत्र आले की ते माझ्या पुढ्यात येते. महाविद्यालयाची पायरी चढलेली घरातली पहिली व्यक्ती मीच. तेव्हा या कामाची मला थोडी ऐटही होती. ही ऐट किती पोकळ आहे, हे गेल्या वर्षी एका नव्या मोबाइल फोनने मला दाखवून दिले. तो प्रसंग सांगावा व त्यावरून सुचलेले चार विचार आपणासमोर ठेवावेत, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

माझी आई पनवेलला उरण नाक्यावर भाजी विकते. २०१६ साली यूपीआय सुरू झाले आणि हळूहळू दहा रुपयांची कोथिंबीरसुद्धा लोक फोनवरून पैसे देऊन घेऊ लागले. “मावशी, स्कॅनर नाही का?” असे विचारून गिऱ्हाईक शेजारच्या पाटीकडे वळू लागले, तेव्हा आईने बचत गटातून पैसे उचलले आणि गणपतीच्या आधी नवा स्मार्टफोन घेतला. दुकानातला मुलगा म्हणाला, “चालू करून देऊ का?” मी म्हटले, “नको, मी करीन.” शिकलेली मुलगी बरोबर असताना परक्याला कशाला त्रास?

घरी आल्यावर सगळे फोनभोवती बसले. पहिलाच प्रश्न भाषेचा होता. यादीत ‘मराठी’ स्पष्ट दिसत होते. मी ‘इंग्लिश’वर बोट ठेवले. का ठेवले, याचे प्रामाणिक उत्तर असे की, मला दुसरे काही सुचलेच नाही. माझा फोन इंग्रजीत, मैत्रिणींचे फोन इंग्रजीत. फोन म्हटला की तो इंग्रजीतच असायचा. पुढे पडद्यांमागून पडदे येत गेले. खाते उघडा, जन्मतारीख द्या, या सेवा वापरण्यास संमती द्या. मी एकही ओळ न वाचता ‘पुढे’, ‘पुढे’, ‘मान्य’ असे करीत गेले. आईने एकदा विचारले, “काय लिवलंय गं त्यात?” मी म्हटले, “काही नाही गं, असंच असतं.”

मग बोटाचा ठसा घेण्याची वेळ आली. आईचा अंगठा फोनला काही केल्या ओळखता येईना. वर्षानुवर्षे माती, पाणी आणि भाजीच्या जुड्या यांनी अंगठ्यावरच्या रेषा झिजून गेलेल्या. पुसून, कोरडा करून, पुन्हा पुन्हा टेकवून अखेर डाव्या हाताचे मधले बोट चालले. हे सारे पाहत बसलेली आजी मध्येच म्हणाली, “कशावर अंगठा देतंय ती? वाचून तरी दाखवा तिला.”

मी हसले. आमच्या घरात ‘अंगठा दिला’ याचा अर्थ ‘फसला’ असाच होतो. आजोबांनी फार वर्षांपूर्वी एका कागदावर अंगठा दिला होता. वाचून दाखवणाऱ्याने वाचले एक आणि कागदात निघाले दुसरेच. आजीची भीती तिथली. मी तिला समजावले की, हा ठसा फोनमध्येच राहतो, कोणाकडे जात नाही. ते खरेही होते. परंतु जे खरोखर बाहेर जात होते, त्यावर तर मी अंगठ्याच्या आधीच ‘मान्य’ म्हणून मोकळी झाले होते! आजीने बोट दाखवले ते चुकीच्या जागी. पण प्रश्न मात्र नेमका विचारला होता.

फोन वापरताना मधूनमधून काहीतरी विचारतो, तेव्हा काय करायचे, असे आईने विचारले. मी सांगितले, “खाली निळं बटण येईल, ते दाबत जा.” या एका वाक्याचे फळ दोन महिन्यांनी दिसले. जाहिरातीवर चुकून बोट पडून एक खेळाचे ॲप तिच्या फोनमध्ये उतरले होते. त्याने फोनमधले सर्व नंबर पाहण्याची परवानगी मागितली, आणि आईने मी शिकवल्याप्रमाणे होकाराचे बटण दाबले. पैसे गेले नाहीत, हे सुदैव. परंतु बचत गटातल्या बायकांचे, माल देणाऱ्या शेतकऱ्यांचे, नात्यातल्या लोकांचे नंबर तिने न विचारता देऊन टाकले होते. मी रागावले. ती शांतपणे म्हणाली, “मला काय ठाऊक काय लिवलंय ते. मला वाचता येतं, पण तू विंग्रजी ठेवलंयस ना!”

हे वाक्य मला फार लागले. माझी आई चौथी शिकलेली आहे. ती एसटीच्या पाट्या वाचते, भाजी बांधायच्या रद्दीतल्या बातम्या वाचते, श्रावणात पोथी वाचते. ती निरक्षर नव्हती. मी तिला निरक्षर केले. एका बोटाच्या स्पर्शाने मी तिची चार वर्षांची शाळा पुसून टाकली आणि तिला पुन्हा अंगठा देणाऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवले.

विद्यार्थी मित्रमैत्रिणींनो, कागद आणि अंगठा यांचे नाते आपल्या महाराष्ट्राला नवे नाही. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांविरुद्ध उठाव केला, तेव्हा त्यांचा रोख प्रामुख्याने कर्जरोख्यांवर होता. रोखे हिसकावून जाळण्यात आले. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि तरीही आपल्याला बांधून ठेवतो, त्याच्यावरचा तो राग होता. पुढे १८७९ साली दक्षिणेतील शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात शेतकऱ्याने करून द्यायचे दस्तऐवज गावच्या रजिस्ट्रारसमोर व्हावेत अशी तरतूद करण्यात आली. कागदाखाली खूण आहे एवढ्याने भागत नाही, खूण करणाऱ्याला कागद कळला पाहिजे, हे तत्त्व परक्या सरकारलाही मान्य करावे लागले. आपल्या रायगड जिल्ह्यात तर कुळाने लिहून द्यायच्या कागदाला ‘कबुलायत’ असेच नाव होते. कबुली कशाची, हे कुळाला कोण विचारतो? अलिबाग तालुक्यात चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांच्या जमिनी कसण्याचे नाकारले व तो संप कित्येक वर्षे चालवला, तेव्हा कुठे त्या कबुलीला ‘नाही’ हेही उत्तर असू शकते हे सिद्ध झाले.

फोनची तुलना सावकाराशी करणे कोणाला अतिशयोक्तीचे वाटेल. मलाही फोनची निंदा करावयाची नाही. त्याच फोनमुळे आईची गिऱ्हाइके परत आली आहेत. माझा मुद्दा एवढाच आहे की, न वाचता दिलेली संमती ही संमती नसते, मग ती शाईच्या अंगठ्याने दिलेली असो की काचेवर टेकलेल्या बोटाने. फोन सुरू करताना आपण नेमके काय मान्य करतो? बहुतेक फोनमध्ये एका पडद्यावर ओळीने काही कळा येतात. आपण कोठे आहोत हे पाहू द्यावे का, फोनच्या वापराची माहिती कंपनीला पाठवावी का, असे ते प्रश्न असतात. गंमत अशी की या कळा आधीच ‘होय’कडे वळवून ठेवलेल्या असतात. ‘नाही’ म्हणण्यासाठी मुद्दाम थांबून कळ फिरवावी लागते. घाईत असलेला माणूस आपोआपच ‘होय’ म्हणतो.

उलट, ज्या ठिकाणी फोन आपल्याला खरोखर निवड देतो, तेथेही आपण ती घेत नाही. एखादे ॲप आपले ठिकाण पाहू इच्छिते, तेव्हा अलीकडच्या फोनमध्ये ‘ॲप वापरतानाच’, ‘फक्त या वेळी’ आणि ‘परवानगी नाही’ अशा अर्थाचे तीन पर्याय येतात. फोनची भाषा मराठी ठेवली की हा प्रश्न मराठीत विचारला जातो. म्हणजे तो चौथी शिकलेल्या माझ्या आईलाही वाचता येतो. भाषेचा पहिला पडदा हा शोभेचा नाही. पुढचे सर्व पडदे कोण वाचू शकेल, हे तो ठरवतो.

यावर मित्र म्हणतात, “फोनमधले मराठी कळत तरी कुठे? त्यापेक्षा इंग्रजी सोपे.” या आक्षेपात तथ्य आहे, हे मी नाकारत नाही. काही वाक्ये भाषांतराची ठेच लागलेली असतात आणि अनेक ॲपच्या अटी तर इंग्रजीतच असतात. परंतु सोपे कोणाला? आपल्याला. ‘दप्तर’ आणि ‘कचेरी’ हे शब्दही एके काळी परके होते; वापरून वापरून ते आपले झाले. आणि साधा ‘ॲप’ हा शब्द घ्या. त्यातले ‘ॲ’ हे अक्षर संगणकाच्या जागतिक लिपीसंचात २००८ साली आले. कोणीतरी ते मागितले म्हणून ते मिळाले. आपण मराठी वापरलीच नाही, तर ती सुधारा असे कोणत्या तोंडाने सांगणार? ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण सर्वांनी आनंद व्यक्त केला. तो आनंद व्यक्त करणारे संदेश ज्या फोनवरून गेले, त्यांतले किती मराठीत चालत होते?

कायदाही आता या बाजूने उभा राहतो आहे. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला. संमती मोकळेपणाने व समजून दिलेली असावी आणि संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय असावी, असे तो म्हणतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य तरतुदींसाठी त्यापुढे १८ महिन्यांची मुदत आहे. चांगले आहे. पण सूचना मराठीत आली आणि घरातल्या शिकलेल्या मुलीने ‘असंच असतं’ म्हणून ती पुढे ढकलली, तर कायदा काय करणार?

म्हणून माझे म्हणणे आपल्याशी आहे, कंपन्यांशी नंतर. आपल्यापैकी पुष्कळजण घरातले पहिले पदवीधर होणार आहेत. घरातला प्रत्येक नवा फोन आपल्याच हातून सुरू होतो. पूर्वी कचेरीबाहेर बसून कागद वाचून दाखवणारा जो माणूस असे, त्याच्या जागी आज आपण आहोत. त्याने खोटे वाचले तर आपण त्याला लबाड म्हणतो. आपण काहीच वाचून दाखवत नाही. आपल्याला काय म्हणावे? राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो, झाडे लावतो. त्यातच एक दुपार गावातल्या लोकांचे फोन त्यांच्याच भाषेत लावून द्यावेत आणि प्रत्येक परवानगी मोठ्याने वाचून दाखवावी, अशी माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे. पैसे घेताना पिन कधीच द्यावा लागत नाही, एवढे जरी प्रत्येकाला नीट समजले, तरी ती दुपार सत्कारणी लागेल.

त्या रात्री मी आईचा फोन मराठीत केला आणि दिलेल्या परवानग्यांची यादी उघडून तिच्या हातात दिली. ती पोथी वाचते तशी, एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. तासभर लागला. एका ॲपने तिचे ठिकाण मागितले होते, तेथे ती थांबली. “मी कुठं बसते ते अख्ख्या नाक्याला ठाऊक आहे,” ती म्हणाली, “ज्याला पाहिजे तो येईल तिथं.” आणि तिने स्वतःच्या बोटाने ‘परवानगी नाही’ असे केले. निळे बटण कोणते, हे तिने मला विचारले नाही.