आधी शेताची पाहणी, मग सोयरीक

आयर्लंडच्या खेड्यांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सोयरिकीची सुरुवात वधू पाहण्याने होत नसे. मध्यस्थाने स्थळ सुचवले, की वधूपिता जाणत्या माणसांसह वराच्या शेतावर जाई. जमिनीचा कस, गुरांची संख्या, घराची स्थिती हे सारे पारखूनच हुंड्याचा आकडा ठरे. शेत मोठे, तर हुंडाही मोठा. घासाघीस संपली, की दोन्ही पक्ष वकिलाच्या कचेरीत करारनामा करीत.

या व्यवहारामागे १८४५ पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळाची धास्ती होती. त्यात सुमारे १० लाख माणसे मृत्युमुखी पडली. पूर्वी मुलांमध्ये जमिनीचे तुकडे होत. दुष्काळानंतर ती अखंड एकाच मुलाला देण्याची रीत दृढ झाली. हुंडा मात्र नवरदेवाच्या हाती क्वचितच राही. तो त्याच्या बहिणीचा हुंडा म्हणून पुढे जाई, किंवा भावंडांच्या अमेरिकेच्या तिकिटांत खर्ची पडे. हिशेब चोख होता; पण एक मुलगा आणि एक मुलगी सोडून बाकीची मुले घरातून वजा झाली, तरच तो जुळे.

करारनाम्यातील सर्वांत विचारी कलम वृद्धांविषयी असे. शेत मुलाच्या नावे करताना आईवडील राहण्याची खोली, जळण, बटाटे, एका गाईच्या चराईचा हक्क, चर्चला नेण्याआणण्याची सोय हे सर्व लेखी नोंदवून घेत. क्लेअर परगण्यात ही खोली घराच्या पश्चिमेची असे. हा रोखठोकपणा कोरडा वाटेल खरा. परंतु केवळ मायेच्या भरवशावर सर्वस्व नावावर करून देण्यापेक्षा तो सासूलाच नव्हे, सुनेलाही सोयीचा होता. अडचण निराळीच होती. शेत सोडण्यास वडील लवकर राजी नसत. १९३० च्या दशकात कॉनराड आरेन्सबर्ग या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने क्लेअरमध्ये अभ्यास केला, तेव्हा शेत हाती न आलेला चाळिशीपलीकडचा पुरुषही तेथे ‘पोरगा’च म्हणवला जाई.

लग्ने बहुधा ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ लागण्याआधी उरकली जात; आपल्या चातुर्मासाप्रमाणे त्या ४० दिवसांत विवाह होत नसत. लग्नघरी रात्री पेंढ्याचे मुखवटे घातलेले अनाहूत तरुण येत आणि त्यांचा म्होरक्या वधूबरोबर नाचे. त्यांना परतवणे अशुभ मानले जाई. दक्षिणेकडील गावांत उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी चर्चला निघालेल्या अविवाहितांच्या पाठीवर मुले खडूच्या रेघा ओढत; शेताची वाट पाहणारे प्रौढ ‘पोरगे’ही त्यांतून सुटत नसत.