अतिथीचा पत्ता आणि यजमानाचे घर

आमच्या जोयडा तालुक्यास पूर्वी सुपा तालुका म्हणत. काळी नदीवरील धरणाचे पाणी चढले आणि १९८० च्या दशकात मूळ सुपा गाव जलाशयाखाली गेले. त्या गावच्या जुन्या घरी आज कोणी पत्र धाडले, तर अक्षर सुवाच्य असेल, तिकीटही लावलेले असेल. परंतु त्या पत्त्याखाली घर नाही. संगणकाच्या जगातही असे पत्ते निर्माण होतात. तेथे मात्र त्यांचे कारण पाणी नसून यजमानाचे फाजील आश्वासन असते. आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली पुण्यास वा बंगळुरास या व्यवसायात आहेत. सुटीत घरी आल्यावर ती जे बोलतात, त्यातील एक विषय वाचकांपुढे मांडण्याचा आमचा विचार आहे.

एका मोठ्या संगणकाच्या पोटात अनेक आभासी संगणक चालवितात. मोठा तो यजमान आणि आतले ते अतिथी. ही नावे त्या शास्त्रातलीच आहेत, आम्ही बसविलेली नव्हेत. बँकांची व सरकारी खात्यांची पुष्कळ कामे आज अशा अतिथींवर चालतात.

संगणकाच्या स्मृतीतील प्रत्येक स्थानास क्रमांक असतो. तोच त्याचा पत्ता. संस्कृतज्ञ व टपाल खात्याचे अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या कल्पनेतून १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू झाला. त्याचे अंक ६, म्हणून क्रमांक फार तर १० लाख. संगणकाचे अंक शून्य व एक एवढेच असल्याने तेथे एक अंक वाढला की पत्ते दुप्पट होतात. ३२ अंकांत ४ गिगाबाइट, ३९ अंकांत ५१२ गिगाबाइट, ४० अंकांत १ टेराबाइट आणि ४६ अंकांत ६४ टेराबाइट. हे अंक प्रोसेसरच्या घडणीतच ठरलेले असतात. पत्त्यांची संख्या म्हणजे बसविलेली स्मृती नव्हे, हे ध्यानी ठेवावे. चित्रदर्शक कार्डासारख्या उपकरणांनाही याच क्रमांकांतून जागा द्यावी लागते, आणि ती बहुधा वरच्या टोकाला दिली जाते.

फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेली क्यूईएमयू ही प्रणाली आणि २००७ मध्ये लिनक्समध्ये समाविष्ट झालेले केव्हीएम, ही जोडी या कामी फार वापरतात. तिच्यात दीर्घकाळ अशी रीत होती की, वेगळे न सांगितल्यास अतिथीला ‘तुझा पत्ता ४० अंकी’ असे कळवावे. घरगुती वापराच्या अनेक इंटेल प्रोसेसरांत मात्र ते ३९ च असतात. एका अंकाचा फरक क्षुल्लक वाटेल. पण त्या एका अंकात निम्मे पत्ते गेले! अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरे, परंतु येथे पाहुण्याला अंथरूण दिसतच नाही. यजमान सांगेल ती लांबी तो मानतो. अतिथीचा आरंभ करणारा कार्यक्रम ४० हा आकडा वाचतो आणि एखादे मोठे उपकरण वरच्या अर्ध्या भागात मांडतो. यजमानाच्या प्रोसेसरला तो चाळिसावा अंक ठाऊकच नसतो. मग यंत्र सुरू होता होताच अडते, आणि दोष कोठे आहे ते शोधण्यात दिवस जातात.

लहान अतिथी त्या उंचीपर्यंत पोहोचतच नसत, म्हणून हे असत्य कित्येक वर्षे झाकून राहिले. त्याचा दुसरा परिणाम आम्हाला अधिक गंभीर वाटतो. आरंभ-कार्यक्रम लिहिणाऱ्यांना ४० या आकड्यावर विश्वास ठेवणे अशक्य झाले. काही जुन्या एएमडी प्रोसेसरांत खरोखरच ४० अंक होते. त्यांचे खरे बोलणेही संशयास्पद ठरले.

उपाय उघड आहे. यजमानाचे जेवढे अंक असतील, तेवढेच अतिथीला सांगावेत. तथापि एवढ्याने भागत नाही, कारण चालू अतिथीला न थांबविता एका यजमानाकडून दुसऱ्याकडे हलविण्याची सोय असते. समजा, पहिला यजमान ५२ अंकी आणि दुसरा ४६ अंकी आहे. अतिथीने आरंभीच ५२ हा आकडा वाचून मांडणी केलेली असते. वाटेत त्याला नवा आकडा सांगता येत नाही. म्हणून ज्या यंत्रांत तो फिरणार, त्यांतील सर्वांत अरुंद यंत्राइतकी मर्यादा प्रथमच घालतात. क्यूईएमयूमध्ये त्यासाठी स्वतंत्र कळ आहे. ५२ अंकी यंत्रावर ४६ अंकांत राहणे म्हणजे काटकसर खरी. पण ६४ टेराबाइट पत्ते ज्याला अपुरे पडतील असा अतिथी विरळा.

आणखी एक अडचण आहे. अतिथीचा पत्ता यजमानाच्या पत्त्यात बदलण्यासाठी प्रोसेसर पायऱ्यापायऱ्यांची कोष्टके वापरतो. ती चार पायऱ्यांची असतील तर ४८ अंकांच्या पलीकडे पोहोचत नाहीत. तेव्हा प्रोसेसर ५२ अंकी असला, तरी अशा ठिकाणी अतिथीला ४८ च सांगणे प्राप्त आहे.

लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती मागितली असता भौतिक पत्त्याचे अंक छापून येतात. ज्यांच्याकडे असा अतिथी अडत असेल, त्यांनी ती नोंद यजमानात व अतिथीत दोन्हीकडे वाचून पाहावी. अतिथीचा आकडा मोठा निघाल्यास पुढचा शोध तेथूनच सुरू करावा.