मधलं नाव कोणाचं?

दत्तक मुलाचं नाव कागदोपत्री बदललं, की आपल्यात कोणीतरी सूरह अहजाबची पाचवी आयत काढतंच. अशा मुलांना जन्मदात्याच्या नावाने हाक मारा, असा तिचा आदेश आहे. मला तो मान्य आहे. आयत अर्ध्यावर थांबवणारे मात्र मान्य नाहीत. बाप ठाऊक नसेल तर ती मुलं तुमचे दीनी भाऊ आहेत, हेही त्याच आयतीत आहे.

हजरत जैद यांना लोक जैद बिन मुहम्मद म्हणत. आयतीनंतर ते पुन्हा जैद बिन हारिसा झाले. पण हारिसा कोण, हे लोकांना ठाऊक होतं; मुलाला न्यायला ते स्वतः मक्केत आले होते. शिशुगृहाच्या पाळण्यात सापडलेल्या मुलीसाठी हारिसा कुठून आणायचा? महाराष्ट्रात नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं आणि आडनाव. शाळेच्या हजेरीत मधली जागा रिकामी राहिली, की उत्तर सहा वर्षांच्या पोरीने द्यायचं.

पहिलं नाव बदलायला तर अडचणच नाही. प्रेषितांनी (स.) एका बाईंचं ‘आसिया’, म्हणजे अवज्ञा करणारी, हे नाव बदलून जमीला ठेवलं होतं. (फिरऔनच्या पत्नीचं आसिया वेगळं.)

१८९० च्या पालक-पाल्य कायद्याने आपण नुसते पालक होतो, तेही मूल सज्ञान होईपर्यंत. बालन्याय कायद्याने मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली शबनम हाशमी खटल्यात ते स्पष्ट केलं, सक्ती कोणावरच नाही हेही सांगितलं. आता दत्तकाचा आदेश जिल्हाधिकारी देतात आणि त्यावरून जन्मदाखल्यात नव्या आईबापांची नावं लागतात. आदेशावर ‘दत्तक’ असंच लिहिलेलं असतं. त्यात रक्ताचा दावा कुठे आहे?

खोटा दावा होतो तो आपल्याच घरांत. बहिणीचं मूल घ्यायचं आणि दवाखान्याच्या नोंदीतच आपलं नाव घालायचं. ना आदेश, ना फाइल. खरा बाप जिवंत, शेजारच्या गल्लीत. आयत नेमकी या मुलासाठी आहे, पण तिथे मौलाना गप्प बसतात आणि अकीक्याचं जेवून येतात. कायद्याने घेतलेल्या मुलाला निदान मोठेपणी आपलं मूळ शोधायची वाट असते.

नातेवाइकांचं खरं दुखणं वारशाचं असतं, आयत नुसती पुढे केलेली. मग हयातीत हिबा करा, एक तृतीयांशापर्यंत वसीयत लिहा, त्यांच्यासमोरच लिहा. मुलाला तो दत्तक आहे हे लहानपणीच सांगा. आणि दाखल्यावर आपलं नाव लावा.