पुडीत काय आहे?

होमिओपॅथीचे जनक हानेमान यांचा 'ऑर्गेनॉन' हा ग्रंथ १८१० साली प्रथम प्रसिद्ध झाला. रोग्याला मध्येच न तोडता बोलू द्यावे, त्याचे शब्द जसेच्या तसे टिपावेत, प्रत्येक लक्षण नव्या ओळीवर लिहावे म्हणजे मागाहून भर घालता येते, इतका बारकावा त्यांनी सांगितला. त्यांच्या स्वतःच्या रुग्णनोंदींच्या वह्या जर्मनीत श्टुटगार्ट येथे आजही जतन केलेल्या आहेत. गुरूने वह्यांमागून वह्या भरल्या. शिष्यांपैकी कित्येकांपाशी मात्र साधी चिठ्ठीही मिळत नाही. साबुदाण्यासारख्या गोळ्यांची पुडी हाती पडते, तीवर औषधाचे नाव नसते. (नाव कळले तर रोगी परस्पर दुकानातून आणील, ही सबब आमच्या परिचयाची आहे!)

ताप उतरेना म्हणून तोच रोगी आठव्या दिवशी बांबोळीच्या इस्पितळात दाखल होतो, तेव्हा त्याला आजवर काय दिले हे तेथील डॉक्टरांना सांगणार कोण? मुंबईतील एका होमिओपॅथ डॉक्टराने ॲलोपॅथीची औषधे दिली व रोगी दगावला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणाच ठरविला.

या उपचारपद्धतीच्या गुणाविषयी शास्त्रज्ञांना गाढ शंका आहे. तिच्या अभिमान्यांना उत्तर द्यावयाचे, तर नोंदींवाचून ते कोणत्या तोंडाने देणार? बऱ्या झालेल्यांच्या कथा सर्वांना पाठ असतात. पुन्हा न फिरकलेल्यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. २०२० च्या कायद्याने होमिओपॅथीसाठी राष्ट्रीय आयोग नेमण्याची तरतूद झाली. प्रत्येक रोग्याला औषधाच्या नावासह लेखी चिठ्ठी मिळते की नाही, एवढे तरी आयोगाने दवाखान्यांतून पाहावे.