खापरं तिथेच राहू द्या

मागच्या रविवारी रात्री भाच्याचा फोन आला. तो ज्या छंद-मंडळात जातो (नाव सांगत नाही, उगाच भांडण नको) तिथे जुन्या बाटल्या, बरण्या, मातीची भांडी जमवणारे पंचवीस-तीस लोक आहेत. महिन्यातून एकदा जमतात, आपापला माल टेबलावर मांडतात, अदलाबदल करतात, चहा पितात. या डिसेंबरात त्यांची सहल ठरली आहे. सारंगखेड्याची यात्रा बघायची, घोडे बघायचे आणि दुसऱ्या दिवशी प्रकाशाला तापीकाठी 'खापर-भ्रमंती'. पिशवी ज्याची त्याने आणायची.

"मावशी, तू आणि आई लहानपणी तिथे खापरं वेचायचात ना? नेमकी जागा तेवढी सांग."

मी सांगितली नाही. त्यावरून गेले आठ दिवस घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मी खलनायिका आहे. ताईचं म्हणणं असं, की पोरगा दारू पीत नाही, पत्ते खेळत नाही, खापरं वेचतो, तर त्यातही तुझं पोट दुखतं? फोनवर मला भांडता येत नाही, एक तर आवाज चढतो नाहीतर रडू येतं. म्हणून इथे लिहिते आहे. ताई, तू वाचशीलच. बाकी मंडळींनी आमच्या घरगुती भांडणात पडायला काहीच हरकत नाही.

आधी हे सांगून टाकते की बाटल्यांच्या छंदाला माझा विरोध नाही. उलट हेवा वाटतो. भाच्याकडे गोटी सोड्याच्या अकरा बाटल्या आहेत. हिरम कॉड नावाच्या इंग्रज माणसाने १८७० च्या दशकात ही बाटली काढली. आत काचेची गोटी, ती वायूच्या दाबाने तोंडाजवळच्या रबराला घट्ट बसते, अंगठ्याने आत ढकलली की फट्‌! बाटली जुनी की नवी हे कसं ओळखायचं तेही त्यानेच मला शिकवलं. साच्याची शिवण थेट ओठाच्या काठापर्यंत गेली असेल तर बाटली यंत्रावरची. शिवण मानेतच थांबली असेल तर तोंड हाताने घडवलेलं. मी त्या दिवशी घरातल्या सगळ्या बाटल्या उजेडात धरून बघितल्या. सगळ्या यंत्रावरच्याच निघाल्या, पण मजा आली.

आणि या वस्तूंना आपला म्हणावा असा इतिहास आहे. स्वदेशीच्या चळवळीत तळेगावला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला (१९०८), मग कराडजवळ ओगलेवाडीचा (१९१६). त्या ओगल्यांचा प्रभाकर कंदील आमच्या आजीच्या ओसरीत टांगलेला असायचा. चिनी मातीच्या बरण्या, खांद्यावर तपकिरी आणि खाली पांढऱ्या, घराघरांत होत्या आणि आता प्लास्टिकच्या डब्यांनी त्यांना माळ्यावर हाकललं आहे. औषधाच्या बाटलीवर डोस मोजायला चिकटवलेली ती कातरलेली कागदाची पट्टी आठवते का कुणाला? हे सगळं कुणीतरी जपायलाच हवं. सरकार जपणार नाही, भंगारवाला तर नाहीच नाही. पुण्याचे काका केळकर आयुष्यभर दिवे, अडकित्ते, दौती, भांडीकुंडी जमवत हिंडले आणि १९६२ साली त्यांनी तो सगळा संग्रह सरकारच्या स्वाधीन केला, म्हणून आज राजा केळकर संग्रहालय आहे. अशा माणसांना लोक आधी वेडे म्हणतात आणि मग तिकीट काढून बघायला जातात.

मग खापरांनीच काय पाप केलं?

तिकडे इंग्लंड-अमेरिकेत बाटल्यांची मंडळं १९६० च्या दशकापासून जोरात आहेत. लोक जुने उकिरडे उकरतात आणि दीड-दोनशे वर्षांपूर्वीच्या शाईच्या, औषधाच्या, बिअरच्या बाटल्या बाहेर काढतात. भाच्याच्या मंडळाने ही कल्पना तिथूनच उचलली आहे. पण तिथला माल बाटली आहे. बाटलीच्या अंगावर बऱ्याचदा कारखान्याचं नाव असतं, गावाचं नाव असतं, नाहीतर निदान ती शिवण तरी असते. ती उचलून हजार मैल लांब नेली तरी आपण कोण हे ती सांगू शकते. (तिथलेही पुरातत्त्ववाले या उकराउकरीवर नाराज असतात, पण ते त्यांचं त्यांनी बघावं.) खापराचं तसं नाही. खापराचा पत्ता त्याच्या अंगावर लिहिलेला नसतो, तो जमिनीत असतो. जमिनीतून काढलं की पत्ता गेला.

प्रकाशा म्हटलं की लोकांना गोमाई-तापीचा संगम, केदारेश्वर आणि दक्षिण काशी एवढंच आठवतं. गावाजवळच्या टेकाडावर १९५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बी. के. थापर यांनी उत्खनन केलं. तेव्हा आपला नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. 'एन्शंट इंडिया'च्या जोडअंकात त्यांचा अहवाल आहे. सगळ्यात खालच्या थरात माळव्याच्या पद्धतीची रंगवलेली भांडी. त्याच्या जरा वर जोर्वे पद्धतीची, आणि त्यांच्याच सोबतीला गुजरातेतल्या रंगपूरच्या वळणाची चकचकीत तांबडी. त्याच्याही वर लोखंड, आणि उत्तरेकडून आलेली काळ्या झिलईची भांडी.

म्हणजे तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वी आमच्या तापीकाठच्या लोकांचं आधी माळव्याशी आणि मग प्रवरेकडे, गुजरातेकडे येणंजाणं होतं. (आजही शहाद्याची लग्नाची खरेदी सुरतेला होते. काही सवयी मोडत नाहीत.) हे कशावरून कळलं? एकाही खापराने तोंडाने सांगितलेलं नाही. कोणतं खापर कोणाच्या वर होतं आणि कोणाच्या खाली, एवढ्यावरून कळलं. त्याच भांड्यांचे तेच तुकडे पंचवीस पिशव्यांत भरून नेले असते तर पंचवीस दिवाणखाने सजले असते आणि कळलं काहीच नसतं.

हे पुस्तकी ज्ञान वाटत असेल तर दायमाबादचं उदाहरण घ्या. अहिल्यानगर (तेव्हाचा अहमदनगर) जिल्ह्यात १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झुडपाची मुळं खणताना काशाच्या चार मोठ्या वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलांचा रथ हाकणारा माणूस. मिळून साठ किलोहून जास्त वजन. देशभर गाजल्या. नंतर शा. अ. साळी यांनी तिथे रीतसर उत्खनन केलं आणि त्यांना उत्तर हडप्पा काळातलं ठरवलं, पण सगळ्यांना ते पटलेलं नाही. त्यांचं वय आजही वादात आहे, कारण त्या उत्खननात सापडल्या नाहीत, थरातून आधीच बाहेर आल्या होत्या. त्या शेतकऱ्याचा यात काही दोष नाही, तो सरपण काढत होता. पण एवढ्या अजोड वस्तूची ही गत होते, तर वीतभर खापराची काय होईल?

आता आमचा डबा.

ताई, तुला आठवत असेल. बिस्किटांचा पत्र्याचा चौकोनी डबा. सुट्टीत मामाबरोबर बैलगाडीतून प्रकाशाला जायचो, आई आणि आजी देवळात, आपण दोघी टेकाडावर. परकराचा ओचा भरून खापरं आणायची आणि आजीने विचारायचं, "हाई काय शे?" आपण म्हणायचो, खजिना. तो डबा लग्नानंतर माझ्याकडे आला. त्यात त्रेचाळीस तुकडे आहेत. एक तांबडा, त्यावर काळ्या तिरप्या रेघा, टिचकी मारली की धातूसारखा खणखणतो. एका तुकड्याला तोटीचा बुंधा आहे.

काही वर्षांपूर्वी मी तो डबा या विषयातल्या एका जाणकार बाईंना दाखवायला नेला. त्यांनी तो खणखणणारा तुकडा हातात घेतला आणि त्यांचे डोळे असे काही चमकले की मला वाटलं, आता पेपरात नाव येतंय. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "हा नेमका कुठे सापडला?"

मला सांगता आलं नाही. टेकाडावर? गोमाईच्या काठावर? की मामाच्या शेताच्या बांधावर, तिथेही आपण वेचायचो? त्या वयात सगळी खापरं एका डब्यात. बाईंनी तुकडा अगदी हळुवार परत ठेवला. "छान आहे, घरी ठेवा," म्हणाल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

आपण आठ-दहा वर्षांच्या होतो, आपल्याला माफ आहे. भाच्याच्या मंडळात निवृत्त इंजिनिअर आहेत.

भाच्याचे दोन-तीन मुद्दे आहेत आणि ते अगदीच फालतू नाहीत. पहिला, "आम्ही खणणार नाही, वर पडलेलं उचलणार." अरे राजा, वर पडलेलं हीच तर पाटी आहे! खाली वस्ती आहे हे संशोधकाला कळतं ते वर पडलेल्या खापरांवरून. शहादा तालुक्यातल्या सावळद्याचं नाव एका अख्ख्या ताम्रपाषाण संस्कृतीला मिळालं ते तिथल्या रंगवलेल्या भांड्यांमुळे. चार हजार वर्षांपूर्वीची भांडी, त्यांच्यावर बाणांची टोकं नि शस्त्रं चितारलेली. आणि छंदी माणूस काय उचलतो? साधी ठिकरी तो उचलत नाही. रेघावालं उचलतो, काठाचं उचलतो, तोटी असेल तर भांडणं होतात. दोन-चार सहलींनंतर त्या टेकाडावर फक्त नक्षी नसलेले तुकडे उरतील आणि पुढचा अभ्यासक म्हणेल, इथे विशेष काही दिसत नाही.

दुसरा मुद्दा, "आम्ही नाही नेलं तर जेसीबी नेईल." हे खरं आहे आणि याने माझं तोंड बंद होतं. खानदेशात धाब्याच्या घरावर टाकायला पांढरी माती लागायची, ती जुन्या गावठाणाच्या पांढरीवरूनच यायची. कितीतरी टेकाडं अशी पिढ्यान्‌पिढ्या घरांवर चढली. शेतकरी तीच माती शेतात पसरतात. आता प्रकाशाला आणि सारंगखेड्याला तापीवर बॅरेज आहेत, काठाची जमीन पूर्वीसारखी राहिलेली नाही. पण गावकरी टेकाड नेतो ते डोक्यावर छप्पर हवं म्हणून, पोटाला पीक हवं म्हणून. आणि तो निदान स्वतःला वारसाप्रेमी म्हणवून घेत नाही. घर जळतंय म्हणून त्यातलं एखादं घड्याळ मीही उचललं, ही कुठली रीत?

तिसरा मुद्दा सगळ्यात भारी. तेरचे रामलिंगप्पा लामतुरे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला या व्यापाऱ्याने गावात सापडणाऱ्या हजारो वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, आणि आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय तिथे उभं आहे. ते नसते तर ते सगळं कुठल्या कुठे गेलं असतं. भाचा विचारतो, "मग लामतुरे चालतात आणि आम्ही नाही?" लामतुऱ्यांना माझा दंडवत आहे. पण त्यांनी तेरचं तेरमध्ये ठेवलं. वस्तू कुठल्या थरातली ते गेलं असेल, पण गाव गेलं नाही. तुमचं मंडळ प्रकाशाचं खापर शहरात नेणार, तिथे एकजण ते दुसऱ्याला सोड्याच्या बाटलीच्या बदल्यात देणार, दुसऱ्याचा मुलगा अमेरिकेला जाणार, आणि फ्लॅट विकताना ते कचऱ्यात जाणार. तोपर्यंत 'प्रकाशा' ही चिठ्ठीसुद्धा निघून गेलेली असेल.

आणि एक गोष्ट भाच्याने सहज बोलता बोलता सांगितली, तिने मला रात्रभर झोप लागली नाही. वेळ वाचावा म्हणून गावातल्या पोरांना एका नक्षीदार खापराला दहा रुपये द्यायचे, असं मंडळात कुणीतरी सुचवलं आहे. दहा रुपये! पहिल्या दिवशी पोरं वर पडलेलं आणतील. ते संपलं की दुसऱ्या दिवशी कुदळ नेतील. पोरं हुशार असतात, मीही होते. तुम्ही गाडीत बसून निघून जाल आणि त्या गावात नवीन धंदा सुरू झालेला असेल. शंभर वर्षांपलीकडची वस्तू ही १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते आणि तिचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, हे मंडळातल्या वकीलसाहेबांना तरी माहीत असायला हवं.

प्रकाशाला जरूर जा. संगमावर बसा, टेकाडावर फिरा, खापर दिसलं तर खाली बसून बघा, फोटो काढा, फोनमध्ये जागेची खूण ठेवा आणि ते होतं तिथेच पालथं ठेवून द्या. फोटो धुळ्याला राजवाडे संशोधन मंडळात दाखवा, नाहीतर पुण्याला डेक्कन कॉलेजात पाठवा. आणि जमवायचंच असेल तर शहाद्याला आपल्या घरी ये. माळ्यावर आजीच्या चार बरण्या आहेत, त्या तू ने. फक्त प्रत्येकीच्या तळाला चिठ्ठी लाव, कुठल्या घरातली, कुणाच्या लग्नात आली, काय भरायचे. मोठी आजीच्या माहेरची. दुसरी तुझ्या आजोबांनी आणली, कुठून ते ताईला विचार, मला ती नेहमी वेगळंच सांगते.

मोठीच्या तळाला बारीक चीर आहे. तिच्यात लोणचं घालू नकोस, झिरपतं.