मुरलेलं एकट्यानं उघडू नये

पोर्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? मोबाइलचं चार्जिंग पोर्ट. फार तर मुंबईचं बंदर. गोव्याला जाऊन आलेल्या एखाद्या दादाला विचारलंत, तर तो डोळा मिचकावून तिथल्या स्वस्त, गोड, लाल बाटलीचं नाव घेईल. खरी पोर्ट वाइन म्हणजे यातलं काहीच नाही.

ती येते पोर्तुगालमधल्या दोरू नदीच्या खोऱ्यातून. द्राक्षाचा रस आंबत असतानाच त्यात द्राक्षाचंच कडक मद्य ओततात. आंबणं थांबतं, साखर शिल्लक राहते, म्हणून ती गोडही लागते आणि तेजही. त्यातली ‘व्हिंटेज’ पोर्ट म्हणजे एकाच, खास चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची. असं वर्ष दरसाल उजाडत नाही, दहा वर्षांत साधारण तीनदा. ती दोन-तीन वर्षं लाकडी पिंपात राहते, मग बाटलीत जाते आणि पुढची वीस, तीस, कधी पन्नास वर्षं अंधारात आडवी पडून मुरते. इंग्रजांमध्ये तर मूल जन्मलं की त्या सालची पोर्ट त्याच्या नावानं ठेवून द्यायची आणि ते एकवीस वर्षांचं झालं की उघडायची, असा रिवाज होता.

आता तुम्ही म्हणाल, हिंगोलीच्या पोरांना हे सांगून काय उपयोग? बरोबर आहे. एक तर महाराष्ट्रात एकवीस वर्षांखालच्या कुणालाही कायदा दारू देत नाही, आणि पुढेही परवाना लागतो. दुसरं म्हणजे आपल्याकडे दारूनं घरं कशी बसतात, ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आपल्या राज्यात बाटली आडवी होते ती मुरवण्यासाठी नाही. गावातलं दुकान बंद व्हावं म्हणून बायका मतदानाला उभ्या राहतात, तेव्हा ती आडवी होते. ती आडवीच राहू दे. हा लेख प्यायला सांगणारा नाही.

मला त्या बाटलीतली एकच गोष्ट तुमच्यापर्यंत आणायची आहे. जुन्या व्हिंटेज पोर्टच्या तळाशी गाळ बसतो. म्हणून ती आदल्या दिवशी उभी करून ठेवतात, दुसऱ्या दिवशी हलक्या हातानं दुसऱ्या भांड्यात ओततात आणि गाळ दिसला की थांबतात. एकदा उघडली की ती एक-दोन दिवसांत उतरते. म्हणजे तीस वर्षं सांभाळलेली चीज एकट्यानं पुरवून पुरवून प्यायची सोयच नाही. चार माणसं बोलवावीच लागतात. टेबलावर ती डावीकडच्याकडे सरकवत जायची आणि कुणी आपल्यापाशी अडवून ठेवायची नाही, असाही संकेत आहे. मग प्रत्येक जण वास घेतो, घोट घेतो आणि काय जाणवलं ते बोलतो. कुणाला मनुका आठवतात, कुणाला अक्रोड, कुणाला जुनं चामडं. एकाला जे कळलं नाही ते दुसऱ्याच्या बोलण्यातून सापडतं. चव अशी शिकली जाते. पैशानं बाटली मिळते. चव कळायला सोबत लागते, आणि शब्द लागतात.

आता घरातल्या फडताळात बघा. चिनी मातीची एक बरणी असेल, तोंडाला फडकं बांधलेली. आत लिंबाचं जुनं लोणचं. घातलं तेव्हा पिवळं होतं, मग तपकिरी झालं, आता काळं कुळकुळीत. तेलाचा थेंब नाही. मीठ आणि लिंबाची आंबटी, एवढ्यावर ते वर्षानुवर्षं टिकलं. तापानं तोंडाची चव गेली की आजी त्यातली एक फोड भातासोबत देते. ते कुठल्या सालचं, त्या साली लिंबं कुठून आली होती, ओवा घातला होता की नाही, हे सगळं तिला पाठ आहे. बरणीवर मात्र एक अक्षर लिहिलेलं नाही. आपला जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला. त्याच्या वयाचं लोणचं अजून कुणाच्या तरी घरी सापडेल, पण ते त्या सालचं आहे हे सांगणारं माणूस किती दिवस सापडेल?

पुण्याला शिकायला गेलेली आपली पोरं एक गोष्ट हमखास सांगतात. कॉफी, चीज, चॉकलेट यांवर कुणी बोलायला लागलं की आपण गप्प बसतो. आपल्याला वाटतं, आपल्याकडे असलं काही नाही. मला हे पटत नाही. जिनसा आपल्याकडे आहेत. गेले आहेत ते शब्द. कुठलाही पदार्थ खा, आपला शेरा ठरलेला: ‘भारी’, ‘लय भारी’, नाहीतर ‘एक नंबर’. आजीकडे मात्र तुरट, उग्र, खमंग, खवट, आंबूस, मिळमिळीत, झणझणीत असे वेगवेगळे शब्द होते आणि प्रत्येकाची जागा ठरलेली होती. लोणच्याला ‘मुरलं’ म्हणणं आणि ‘उतरलं’ म्हणणं, यात तिचा सगळा निवाडा यायचा. पोर्टवाले टेबलाभोवती बसून जे करतात, ते ती चुलीपाशी बसून एका शब्दात करायची.

हा नुसता हौसेचा मामला असता तर मी एवढं लिहिलं नसतं. यात पैसाही आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. भारताच्या त्याच नोंदवहीत ‘पोर्तो’ या नावानं पोर्ट वाइनचीही नोंद आहे. एका वहीत दोघी. फरक कुठे आहे? अठराव्या शतकात दोरूच्या वाइनमध्ये भेसळ बोकाळली होती. रंग गडद दिसावा म्हणून एल्डरबेरी नावाच्या फळाचा रस मिसळायचे. नाव खराब झालं, भाव पडले. १७५६ मध्ये पोर्तुगालचा मंत्री पोंबाल यानं त्या खोऱ्याची हद्द आखायला घेतली. पुढे हद्दीवर दगड रोवले गेले आणि एल्डरची झाडं उपटून टाकायचा हुकूम निघाला. पण दगडांनी नाव टिकत नाही. ते टिकलं, कारण खरी कुठली आणि खोटी कुठली हे जिभेवर ओळखणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या तयार होत राहिली.

हळदीतही रंग चढवायला मेटॅनिल यलो किंवा लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार होतात. आणि मोंढ्यात काय होतं ते तुमच्यापैकी कितीतरी जणांनी बापाशेजारी उभं राहून पाहिलं असेल. व्यापारी कांडी उचलतो, मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो आणि आकडा सांगतो. ढिगामागे उभ्या असलेल्या शेतकऱ्याच्या पोराला त्याच कांडीबद्दल दोन वाक्यं बोलता येतात का? आपल्या घरची हळद आणि बाजारची पुडी डोळे मिटून वासावर वेगळी करता येते का? आपल्या मालाबद्दल बोलायचे शब्द फक्त घेणाऱ्याकडे असतील, तर भावही तोच ठरवणार. जिभेला आणि नाकाला वळण लावलं म्हणून उद्या भाव दुप्पट होणार नाही, हे मलाही कळतं. आवक, निर्यात, साठा, पाऊस अशी कारणं मोठी आहेत. पण मालाची बाजू मांडता येणं ही घासाघीस करण्याची पहिली पायरी आहे.

एक मात्र लक्षात ठेवा. जुनं ते सगळंच सोनं नसतं. हळद ठेवून ठेवून जुनी झाली की तिचा वास आणि रंग उतरतो, तिला कीडही लागते. बहुतेक वाइनही लवकरच प्यायच्या असतात. काय मुरतं आणि काय नुसतं शिळं होतं, हे ओळखणं म्हणजेच चव कळणं. ते पुस्तकात वाचून येत नाही, चाखूनच येतं.

म्हणून एक सुचवतो. खर्च शून्य. हिंगोली, वसमत, कळमनुरी, औंढा, सेनगाव, जिथे असाल तिथे पाच-सहा जण जमा. प्रत्येकानं घरून लिंबाचं लोणचं आणायचं, सारख्या वाट्यांत, नाव न सांगता. कोरडा चमचा, सोबत साधा भात. प्रत्येकानं प्रत्येक वाटीबद्दल दोन शब्द कागदावर लिहायचे. ‘भारी’ आणि ‘मस्त’ हे दोन शब्द बाद. मग बोला, वाद घाला आणि शेवटी कुठलं कुणाचं, कुठल्या सालचं ते उघड करा. साल सांगता येण्यासाठी घरी आधी विचारावं लागेल, आणि मला हवंय ते हेच. पुढच्या खेपेला लोणच्याच्या जागी हळद ठेवा.

आणि या वर्षी एक बरणी नवी भरा. आजी सांगेल तसं मीठ घाला, वर कागद चिकटवून साल लिहा. पदवी हातात येईल त्या दिवशी ती उघडा. तोवर ती पुरेशी मुरलेली नसेल, काळीही झाली नसेल. अर्धी खा, अर्धी पुन्हा बांधून ठेवा. पण उघडाल तेव्हा चार जण बोलवा.